कातडे, साल आणि कागद

ज्याने कातडे कमावले त्याने सहसा पुस्तक लिहिले नाही, आणि ज्याने पुस्तक लिहिले त्याने सहसा कातड्याला हात लावला नाही. चर्मकामाची जुनी पुस्तके हाती घेताना एवढे ध्यानात ठेवले तरी पुढचे बरेच गोंधळ टळतात. पॅरिसमध्ये १७६४ साली 'लार द्यु तानर' हे कातडी कमावण्यावरचे अतिशय तपशीलवार पुस्तक निघाले. त्याचे लेखक जेरोम लालांद हे खगोलशास्त्रज्ञ. पृथ्वीपासून चंद्राचे अंतर मोजण्याच्या खटपटीत त्यांचे नाव झाले होते. लंडनमध्ये याच विषयावर व्याख्याने देण्याचे काम १८०१ मध्ये ज्यांच्यावर आले ते हंफ्री डेव्ही तेव्हा जेमतेम बाविशीत होते, आणि कातडी कमावण्याशी त्यांचा तोवर काही संबंध नव्हता. आपल्याकडे कौटिल्याने 'अर्थशास्त्रा'त कांतनावक, प्रैयक, बिसी, महाबिसी, श्यामिका अशी कातड्यांची लांबलचक यादी दिली आहे. पण ती कोषागारात काय जमा करून घ्यावे आणि ते कसे पारखावे, एवढ्यापुरतीच. कातडे मऊ, गुळगुळीत आणि दाट केसांचे असावे हे तो सांगतो. ते तसे कसे होते, याची चौकशी करण्याचे त्याला कारण नव्हते.

अशा लिखाणातून निवडलेल्या कृतींचे हे पुस्तक आहे. कमावण्याच्या आणि रंगवण्याच्या जुन्या कृती मराठीत आणाव्यात, त्यातल्या जमतील तेवढ्या करून पाहाव्यात, आणि ज्यांच्या घरात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले त्यांच्यापुढे त्या ठेवून त्यांचा शेरा शेजारी छापावा, असा बेत होता. शेरे काही ठिकाणी मूळ कृतीपेक्षा लांब झाले आहेत. ते मुद्दामच कापलेले नाहीत.

विषय नवा असणाऱ्यांसाठी आधी मुळापासून. सोललेले कातडे लवकर कुजू लागते. वाळवले तर टिकते, पण ताठ आणि ठिसूळ होते, आणि भिजले की पुन्हा कुजते. त्याचा मधला जाड थर कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचा असतो, एकमेकांत गुंतलेल्या. झाडांच्या साली, फळे आणि पाने यांतले टॅनिन या तंतूंना धरून बसते. मग सूक्ष्मजीवांना तो थर खाता येत नाही, आणि पाणी निघून गेल्यावरही तंतू एकमेकांना चिकटत नाहीत. कातड्याचे चामडे होते ते असे. किती झाले हे उष्णतेने तपासता येते. कच्च्या कातड्याची पट्टी साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात आखडून गोळा होते, साली-हिरड्याने कमावलेली ७५ ते ८५ अंशांपर्यंत तग धरते, आणि क्रोमची चांगली कमावलेली पट्टी उकळत्या पाण्यातही टिकते. हा तापमापीचा हिशेब जुन्या पुस्तकांत मिळणार नाही, पण त्यांच्या कृती तपासायला आज याच्याइतके सोपे साधन दुसरे नाही.

पायऱ्या जगभर थोड्याफार सारख्याच. भिजवणे, चुन्यात घालणे, केस काढणे, आतल्या बाजूचे मांस खरवडणे, चुना धुऊन काढणे, सालीच्या पाण्यात मुरवणे, तेल किंवा चरबी देणे, रंगवणे. कागदावर हे सरळ वाटते. प्रत्येक पायरीवर थांबायचे कधी, हा खरा प्रश्न, आणि पुस्तके नेमका तिथेच आखडता हात घेतात. चुन्यात किती दिवस? पुस्तक दिवसांचा आकडा देते. एका ज्येष्ठ कारागिरापुढे हा आकडा ठेवला तेव्हा त्यांनी उलट विचारले, ''पावसाळ्यात का उन्हाळ्यात?'' आणि मग अंगठा कातड्यावर दाबून पुढे सरकवून दाखवला. केस अंगठ्याबरोबर सुटून आले पाहिजेत. ओढावे लागले तर अजून वेळ आहे, आणि आपोआप गळू लागले तर उशीर झाला. चुना उतरल्याचीही अशीच खूण आहे. बोटाने दाबलेला ठसा कातड्यावर उमटून राहिला की ते 'पडले', म्हणजे फुगवटा जाऊन मऊ झाले. ही अंगठ्याची परीक्षा युरोपातल्या जाणत्या कामगारांनाही ठाऊक होती. तिथल्या पुस्तकांत ती फार उशिरा, तीही ओझरती येते.

या मऊ करण्याच्या पायरीविषयी पुस्तके आणखी एका कारणाने तोंड चुकवतात. एकोणिसावे शतक संपेपर्यंत युरोपात हे काम कुत्र्याच्या, कबुतरांच्या आणि कोंबड्यांच्या विष्ठेने होत असे. उत्तम हातमोज्यांचे आणि पुस्तकबांधणीचे चामडे याच कुंडांतून बाहेर पडे. त्यात नेमके काय घडते ते वितंचकांची, म्हणजे प्रथिने तोडणाऱ्या द्रव्यांची, माहिती झाल्यावर उलगडले, आणि १९०७ च्या सुमारास जर्मनीत ओटो र्‍योम यांनी जनावरांच्या स्वादुपिंडापासून त्याला पर्याय काढला. शतकानुशतके हे काम करणाऱ्यांना घाणेरडे ठरवणाऱ्या समाजाच्या कपाटात चामडी बांधणीचे ग्रंथ मानाने उभे होते. असे तिकडेही होते आणि इकडेही.

सालीच्या पायरीवर एक नियम सर्व परंपरांत सापडतो: आधी पातळ पाणी, मग दाट. सुरुवातीलाच दाट काढ्यात घातले तर वरचा थर घट्ट होऊन बसतो आणि आत काहीच उतरत नाही. वरून तयार दिसणारे चामडे कापले की मध्ये फिकट, शिंगासारखी रेघ दिसते, आणि वापरात ते तिथेच फाटते. म्हणून कडेची एक चीर कापून पाहायची, छेदाचा रंग एकसारखा असला तरच पुढे जायचे. ओकच्या सालीच्या युरोपीय पद्धतीत कातडी आणि साल यांचे थर एकावर एक रचून ती खड्ड्यात पुरत आणि जाड कातड्याला वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ लागे.

आपल्या हवेत वर्षभर कातडे खड्ड्यात ठेवणे परवडणारे नव्हते. दख्खनमध्ये आणि उत्तरेतही चालत आलेली पिशवीची पद्धत या अडचणीला दिलेले फार हुशार उत्तर आहे. चुन्यातून काढून काही दिवस सालीच्या पाण्यात बुडवलेले कातडे कडेने शिवून त्याचीच मोठी पिशवी करायची. मानेकडचे तोंड उघडे ठेवायचे. आत बाभळीची ठेचलेली साल आणि हिरड्याची भरड घालून पाणी भरायचे आणि ती पिशवी लाकडी घोड्याला टांगायची. पाणी स्वतःच्या वजनाने कातड्याच्या छिद्रांतून बाहेर पाझरते. खाली ठेवलेल्या भांड्यात ते जमते. ते पुन्हा वर ओतायचे. काही दिवसांनी पिशवी उसवून, उलट्या बाजूला तोंड ठेवून शिवायची, म्हणजे आधी वर राहिलेला भाग आता खाली येतो. टॅनिन कातड्यात शिरण्याची वाट पाहण्याऐवजी ते दाबाने आरपार नेले जाते आणि महिन्यांचे काम काही दिवसांवर येते. यंत्रशाळेत शिकलेला माणूस याला दाबाचा उपयोग म्हणेल. या पद्धतीत दोषही आहे: शिवणीजवळचा भाग कच्चा राहतो आणि वजनाने मधला भाग ताणला जातो. सरकारी पुस्तिकांनी दोषांवर भरपूर लिहिले. युक्तीचे कौतुक मात्र एखाद्याच ओळीत उरकले.

जुन्या लिखाणाचे ढोबळमानाने चार-पाच प्रवाह दिसतात, आणि प्रत्येकाचा वाचक वेगळा होता. सर्वांत जुने लिखाण पुरोहितांचे. बॅबिलोनियातल्या एका विधिग्रंथात देवळातल्या नगाऱ्यावर चढवायच्या बैलाच्या कातड्याची कृती आहे: पीठ, पाणी, बिअर आणि मद्यात भिजवणे, मग तुरटी, माजूफळ आणि चरबी. शिकण्यासाठी ती लिहिलेली नाही, विधीत चूक होऊ नये म्हणून लिहिलेली आहे. इटलीतल्या लुक्का येथे जतन झालेल्या आणि इ.स. ८०० च्या आसपास नकललेल्या हस्तलिखितात कातडी रंगवण्याच्या कृती सोन्याचा मुलामा आणि रंगीत काच यांच्या कृतींत मिसळलेल्या आहेत. मग छपाई आली आणि 'गुप्त कृतीं'ची पुस्तके धडाधड निघाली. त्यांतले १५४८ मध्ये व्हेनिसमध्ये छापलेले जोव्हानव्हेन्तुरा रोझेत्ती यांचे 'प्लिक्तो' आमच्या कामाला सर्वांत उपयोगी पडले. कापड आणि रेशीम रंगवण्याच्या कृतींनंतर त्यात कातडी कमावण्या-रंगवण्याचा स्वतंत्र भाग आहे. भाषा कारखान्यातली, मापे मुठीची आणि पेल्याची, क्रम अधूनमधून उलटसुलट; तरी ज्यांच्याकडून हे ऐकले त्यांचा आवाज त्यात ऐकू येतो.

सुरुवातीच्या वाक्यात 'सहसा' म्हटले ते अरबी परंपरेसाठी. अकराव्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या इब्न बादीस याच्या नावावर असलेल्या ग्रंथात लेखणी-शाईपासून पुस्तकाच्या चामडी बांधणीपर्यंत सगळे आहे. १६१९ मध्ये मोरोक्कोत अल्-सुफ्यानी याने बांधणीवर लिहिले. तो स्वतःच बांधणी करणारा कारागीर होता. त्याचे लिखाण वाचताना फरक लगेच कळतो. कुठली वस्तू कुठे ठेवायची, हात कुठल्या बाजूने फिरवायचा, अशा गोष्टी त्यात आपसूक येतात. पाहून लिहिणाऱ्याला त्या सुचतच नाहीत.

अठराव्या शतकात फ्रेंच विज्ञान अकादमीने एकामागून एक धंद्यांची वर्णने छापायला काढली आणि लालांद यांच्याकडे कातडी, चर्मपत्र, शॅमॉय, मोरोक्को चामडे अशी बरीच कामे आली. त्यांचे निरीक्षण बारीक आहे. लाल मोरोक्को चामड्याची गोष्ट त्यांच्यामुळेच नीट समजते: काळ्या रंगाचे कातडे कमावल्यावर रंगवत, पण लाल कातडे आधी तुरटीत आणि कोचिनील किड्याच्या रंगात बुडवून मग सुमाक किंवा माजूफळाने कमावत. या उलट्या क्रमाचे कारण आज सांगता येते. टॅनिन चढले की चामड्याचा मूळ तपकिरी रंग लालाला मळवतो. तुरटी दिलेले पांढरे कातडे लाल शुद्ध उचलते. लालांद कारणाच्या फंदात पडले नाहीत. जे पाहिले ते लिहिले, म्हणून ते अजून उपयोगी आहे.

त्यानंतर रसायनशास्त्रज्ञांचा काळ. फ्रेंच क्रांतीच्या सैन्याला बूट हवे होते आणि वर्षभर थांबायला वेळ नव्हता. आर्मां सेगँ यांनी दाट काढ्याने काही आठवड्यांत चामडे तयार होते असे सांगून सरकारकडून मोठी सवलत मिळवली. त्याच सुमारास लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनने डेव्ही यांना चर्मरसायनावर व्याख्याने द्यायला सांगितले, आणि आधी जाऊन प्रत्यक्ष काम पाहता यावे म्हणून तीन महिन्यांची मोकळीक दिली. या एका ठरावाबद्दल त्या संस्थेचे कौतुक वाटते. डेव्ही यांचा १८०३ चा निबंध आपल्या दृष्टीने वाचण्यासारखा आहे, कारण त्यात मुंबईहून आणि बंगालहून आलेल्या काताचे पृथक्करण आहे. पानाला लावतो तोच हा कात. मुंबईच्या काताच्या २०० ग्रेनमध्ये त्यांना १०९ ग्रेन टॅनिन मिळाले, बंगालच्या काताच्या तेवढ्याच वजनात ९७. एक पौंड कात ओकच्या सात-आठ पौंड सालीचे काम करतो, असा त्यांचा हिशेब होता. पण याच निबंधाचा दुसरा निष्कर्ष मला अधिक मोलाचा वाटतो. पातळ काढ्यात हळूहळू कमावलेले चामडे घाईच्या चामड्यापेक्षा चांगले ठरते, हे जुन्या लोकांचे म्हणणे त्यांनी प्रयोगाअंती मान्य केले. सेगँ यांच्या वेगाची भुरळ पडलेल्या काळात हे सांगणे सोपे नव्हते.

हिंदुस्थानातल्या पुस्तिकांचा प्रवाह त्याहून वेगळा. १८८० नंतरच्या दशकांत सरकारने प्रांतोप्रांती एकेका धंद्यावर माहितीपुस्तिका लिहवून घेतल्या. चामड्यावरच्या बहुतेक १९०३-०४ च्या आसपास आल्या: मुंबई इलाख्यावर जे. आर. मार्टिन यांची, मद्रासवर आल्फ्रेड चॅटर्टन यांची, बंगाल आणि संयुक्त प्रांतावर आणखी दोन. रंगांवर मुंबई इलाख्यासाठी फॉसेट यांची पुस्तिका १८९६ मध्येच निघाली होती. जॉर्ज वॉट यांच्या १८८९ ते १८९३ मधल्या कोशात साली, फळे आणि रंगद्रव्यांची नोंद आहे. त्याशिवाय यातल्या वनस्पती ओळखणे अवघड. या सगळ्यांना जाणून घ्यायचे होते ते मुख्यतः असे: कुठे किती कातडे मिळते, ते निर्यातीला चालेल का, आणि इथले कारागीर सुधारता येतील का. लिहिणारे बेइमान नव्हते. चॅटर्टन तर स्वतः कारखाना उभारण्याच्या उद्योगात होते आणि मद्रासमध्ये क्रोम पद्धत रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पण प्रश्नच असे असल्यामुळे उत्तरांत हात कमी आणि मण अधिक आले.

या मणावरून एक सावधगिरी सांगून ठेवतो, कारण तिच्यावाचून जुनी कृती करायला घेऊच नये. मुंबईचा मण २८ पौंडांचा, मद्रासचा २५ चा आणि बंगालचा ८२ पौंडांहून थोडा जास्त. म्हणजे मुंबईची नोंद बंगालच्या मणाने वाचली तर हिरडा जवळजवळ तिप्पट पडतो, आणि वर सांगितल्याप्रमाणे चामड्याचा वरचा थर घट्ट होऊन आतले कच्चे राहते. या पुस्तकात सर्व मापे किलोत आणि लिटरमध्ये दिली आहेत. मूळ माप कंसात ठेवले आहे, आणि कुठला मण धरला ते तिथेच लिहिले आहे. सालीचेही तसेच. बाभळीची साल कुठल्या वयाच्या झाडाची, ओली की वाळलेली, यावर तिच्यातले टॅनिन बदलते. म्हणून प्रमाण पाळण्यापेक्षा काढा तपासणे बरे. सरसाचे पातळ पाणी त्यात थेंबभर टाकले की टॅनिन असेल तर गढूळ साका होतो. सेगँ आणि डेव्ही यांचीही कसोटी हीच होती.

रंगवण्याच्या कृतींत नवशिके एकाच ठिकाणी फसतात: कापडाची कृती चामड्याला लावतात. लोकर किंवा सूत रंगवताना उकळी देतात. चामडे उकळले की आखडते, हे वर आलेच आहे. म्हणून चामड्याचा रंग बोटाला सोसेल इतक्या कोमट पाण्यात किंवा थंडच, बहुधा कुंच्याने किंवा फडक्याने देतात. कापडात रंग सुतापर्यंत जावा लागतो. चामड्यात तो वरच्या थरात बसला तरी चालते, किंबहुना तेच हवे असते.

काळ्या रंगाची कृती मात्र जगात सर्वत्र एकच निघाली याचे नवल वाटते. लोखंडाचे गंजके तुकडे गूळ घातलेल्या पाण्यात टाकून आंबत ठेवायचे. काही दिवसांनी पाण्याला उग्र वास येतो आणि वर फेस धरतो. ते गाळून, कुंचा बुडवून हिरड्याने कमावलेल्या चामड्यावर ओढला की फिकट पिवळसर पृष्ठभाग डोळ्यांदेखत निळसर काळा होतो. कातासारख्या टॅनिनवर तोच काळा हिरवट उतरतो. म्हणजे रंग बाहेरून आणलेला नसतो. लोखंड आणि आधीच मुरलेले टॅनिन यांच्यातून तो चामड्यातच तयार होतो. युरोपात गुळाच्या जागी आंबट बिअर किंवा व्हिनेगर असे, किंवा थेट हिराकस. पुस्तके हे सांगतात आणि थांबतात. लोखंड जास्त झाले की चामडे काही वर्षांत ठिसूळ होऊन तडकते, म्हणून काळ्यानंतर ते भरपूर धुऊन तेल द्यायचे, हे कारागिरांच्या शेऱ्यांत आहे.

रंगाच्या घाईने काय होते याचा पुरावा आपल्या जुन्या ग्रंथालयांतही सापडतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली चामडी बांधणीची पुस्तके हातात घ्यावीत तर तांबडी भुकटी बोटांना लागते. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सच्या समितीने १९०१ मध्ये या रोगाचा छडा लावला. रंग चटकन आणि एकसारखा चढावा म्हणून घातलेले गंधकाम्ल, वायुदिव्यांचा धूर, आणि ठराविक जातीचे टॅनिन. समितीने ज्या चामड्यावर ठपका ठेवला त्यात बाजारात 'पर्शियन' नावाने विकले जाणारे मेंढी-शेळीचे चामडे होते. ते इराणचे नव्हतेच. मद्रासकडून, आपल्याकडेही माळावर उगवणाऱ्या तरवडाच्या सालीने कमावून गेलेले होते. तरवड चपलेला आणि लगामाला चांगला. शंभर वर्षे कपाटात उभ्या राहणाऱ्या ग्रंथाला नव्हे. जुन्या पुस्तकांची प्रशंसा करताना हेही ध्यानात असावे. जुने म्हणून सगळे टिकाऊ नसते, आणि कुठले कशासाठी, हे कळण्यासाठीच ती वाचायची.

आता त्या विषयाकडे येतो ज्याला टाळून मराठीत चर्मकामावर पुस्तक काढता येत नाही. गावात मेलेले जनावर ओढून नेणे महारांकडे, कातडे कमावणे ढोरांकडे, वहाणा, मोट, आसूड, वादी करणे चांभारांकडे, अशी वाटणी होती. बाराव्या शतकातल्या शरण चळवळीत ढोर कक्कय्या आणि हरळय्या यांना मान मिळाला, आणि ढोर समाज आजही कक्कय्यांचे नाव सांगतो. पण गावाबाहेरचे कुंड गावाबाहेरच राहिले. विहिरीवरची मोट, पाण्याची पखाल, तुपाचा बुधला यांच्यावाचून गावाचे चालत नसे, आणि ते करणाऱ्याला विहिरीवर पाणी भरता येत नसे. लिहिणारा आणि करणारा यांच्यातली दरी युरोपात वर्गाची होती. इथे ती शिवाशिवीची होती, म्हणून जास्त खोल. 'कातडे कसे कमावतात' हे मराठीत लिहिण्याएवढे जवळ जाऊन कोणी पाहिले नाही, आणि ज्यांना ते येत होते त्यांच्या हाती लेखणी पोचू दिली नाही.

विसाव्या शतकात यावर दोन वेगळी उत्तरे आली. १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांच्या परिषदेत मृत मांस आणि मेलेली ढोरे ओढण्याचे काम सोडण्याचा निर्धार झाला. गांधींनी १९३४ मध्ये 'हरिजन'मधून खेड्यातल्या चर्मोद्योगाबद्दल लिहिले. वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवले. बंगालमध्ये सतीशचंद्र दासगुप्तांनी मेलेल्या जनावराच्या प्रत्येक भागाचा उपयोग सांगणारे इंग्रजी पुस्तक लिहिले. उच्चवर्णीय माणसाने स्वतः कातडे सोलून, कमावून मग लिहिलेले हे पुस्तक आहे, आणि कृती म्हणून ते सरकारी पुस्तिकांपेक्षा किती तरी सरस आहे. तरी माझे मन महाडच्या बाजूने झुकते. काम पवित्र म्हणून गौरवले, तरी ते कोणी करायचे हे जन्माने ठरत होते तोवर तो गौरव दुसऱ्याच्या डोक्यावरचा भारच होता. आज हे काम शिकू पाहणाऱ्या शहरी मुलामुलींना ते निवडता येते आणि सोडताही येते. ही सोय त्यांच्या आधी कोणाला नव्हती, हे त्यांनी जाणून असावे, एवढीच अपेक्षा.

हे पुस्तक आताच का, याची कारणे उघड आहेत. १८८४ मध्ये ऑगस्टस शुल्ट्झ यांनी क्रोम पद्धतीचे पेटंट घेतले आणि आठवड्यांचे काम एक-दोन दिवसांवर आले. आज जगातले बहुतांश चामडे क्रोमचे असते. त्याची किंमत तमिळनाडूतल्या पालार नदीकाठच्या गावांनी मोजली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेल्लोरच्या खटल्यात तिथल्या टॅनरींना खडसावले. म्हणून सालीच्या चामड्याला नवे गिऱ्हाईक मिळाले आहे. पण 'वनस्पतीचे म्हणजे निर्मळ' हा दुकानदारीचा शब्द आहे. सालीचे सांडपाणीही नाल्यात सोडले तर त्यातला प्राणवायू खाते आणि मासे मारते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे. २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला कोल्हापूरचे नाव न घेता दाखवल्या, तेव्हा महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला आणि कंपनीला मूळ मान्य करावे लागले. त्या गदारोळात चपलेच्या आकाराची चर्चा पुष्कळ झाली. तिचे चामडे बाभळी-हिरड्याने कमावणारे किती हात उरले, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. २०१५ च्या कायद्याने बैलांची कत्तल बंद झाल्यानंतर कच्च्या मालाचे गणितही बदलले, आणि तळाच्या जाड चामड्यासाठी बहुतेकांना म्हशीकडे वळावे लागले. कारखान्यांचे प्रश्न चेन्नईची १९४८ पासूनची केंद्रीय चर्म संशोधन संस्था सोडवते. गावातल्या कुंडाजवळ बसून लिहून घेण्याचे काम मागे पडले, ते थोडेफार पुढे न्यावे एवढा या पुस्तकाचा आवाका.

तो आवाका कुठे संपतो, हेही सांगितले पाहिजे. या पुस्तकावरून कोणी चर्मकार होणार नाही. रापी कशी धरावी, वादी कशी ओढावी हे शेजारी बसूनच शिकायचे. पुस्तक देऊ शकते ते क्रम, द्रव्यांची ओळख, आणि काही बिघडले तर कुठे शोधावे याचा अंदाज. वाचकाने पहिला प्रयोग शेळीच्या कातड्यावर करावा. ते पातळ असल्याने साल लवकर उतरते आणि चूक लवकर दिसते. हात बसल्यावर म्हशीकडे जावे. चैत्र-वैशाखात सुरुवात करू नये. चुन्यात जायच्या आधीच कातडे कुजते.

काही गोष्टी गाळल्या आहेत. केस काढण्यासाठी चुन्यात हरताळ मिसळण्याची कृती कित्येक पुस्तकांत आहे. हरताळात आर्सेनिक असते, म्हणून कृतीचा उल्लेख ठेवला आणि प्रमाण काढून टाकले. क्रोमच्या जुन्या दोन कुंडांच्या पद्धतीत डायक्रोमेट वापरतात. तो कर्करोगकारक आहे आणि घरच्या बादलीत हाताळण्याची वस्तू नाही, म्हणून ती पद्धत पूर्णच वगळली. सांबर, हरीण, घोरपड, मगर यांच्या कातड्यांच्या कृती १९०३ च्या सुमारास सर्रास छापल्या जात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तसले कातडे नुसते जवळ बाळगणेही गुन्हा आहे, तेव्हा त्याही नाहीत. तेलाने कमावण्याची शॅमॉय पद्धत मात्र ठेवली आहे, कारण ती मेंढीच्या कातड्यावर तितकीच चांगली जमते.